राखणीच्या आंब्यावरचं पिवळं

माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही, हे आधीच सांगते. मायक्रोबायोलॉजी शिकलेय, शाळा इंग्लिश मीडियमची — भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी मोबाईलमध्ये डोकं घालते. या ग्रुपवरही आजवर फक्त इतरांचे अनुभव वाचायचे. पण गेल्या श्रावणात चौलला काकांकडे जे पाहिलं, ते तोंडाने कोणाला सांगायला जमत नाही... म्हणून लिहिते.

काकांची नारळ-सुपारीची वाडी. घरापुढे मोठा आंबा होता, राखणीचा. म्हणजे वाडीचा राखणदार तिथे असतो असं मानतात. दरवर्षी घरातल्या पुरुषाने त्याला नारळ आणि दहीभात द्यायचा. होमस्टेच्या पार्किंगसाठी काकांनी तो आंबा तोडला. राखणीचं लाकूड म्हणून कोणी विकत घेईना, फुकटही उचलेना. ओंडका पडवीलगत कुजत पडला. मग काकांना पॅरालिसिस झाला. वाचा गेली; डोळे आणि उजव्या हाताची बोटं तेवढी हलायची. पलंग पडवीतच होता.

काका काकीला कधी नावाने हाक मारत नसत. स्टीलचा पेला जमिनीवर आपटायचे, की तिने धावत यायचं. उशीर झाला तर काय व्हायचं, ते तिच्या वाकड्या मनगटावरून कळायचं. "विहिरीवर पडले गो," एवढंच ती सांगायची. आता तो पेला तिने समोरच्या खिडकीत ठेवला होता. त्यांना दिसेल असा, हात पोचणार नाही असा.

मी सुट्टीत मदतीला गेले होते. पहिल्याच सकाळी ओंडक्यावर काहीतरी पिवळंधमक पसरलेलं दिसलं. मासळीवाली दारातूनच ओरडली, "वहिनी, हळद सांडलीस का काय गो?"

मी ते ओळखलं. स्लाइम मोल्ड. झाड नाही, प्राणी नाही, बुरशीही नाही. दमट हवेत कुजक्या लाकडावर येतं आणि खाणं शोधत हळूहळू सरकतं. निरुपद्रवी. दुसऱ्या सकाळी त्याची एक शीर ओंडक्यावरून उतरून पडवीच्या लादीवर आली होती, काकांच्या पलंगाच्या दिशेने. मी फिनाईलने पुसली. परत आली, आणखी पुढे. लॅबमध्ये याला ओट्स घालतात, ते सोडून हे कुठे जात नाही. म्हणून माझ्या नाश्त्याच्या पाकिटातले मूठभर ओट्स वाटेत ठेवले. सकाळी बघते तर शीर त्यांना वळसा घालून गेलेली.

काकी हसली. "घोड्याचा दाणा घालतेस? त्याला काय पायजे, ते त्याला ठावं हाय."

काका माझ्याकडे टक लावून बघत होते. मी हळूच विचारलं, "काका, आत न्यायचं का तुम्हाला?" त्यांनी डोळे मिटले, उघडले, परत मिटले... थांबेचनात.

"काकी, ते घाबरलेत गं."

"घाबरूंदे की. मी न्हाय का घाबरले जलमभर? मला कोण आलं आत न्यायला?"

तरी मी हट्ट धरला, आणि आम्ही दोघींनी पलंग मधल्या खोलीत ढकलला. काकीने पेलाही उचलून तिथल्या खिडकीत ठेवला.

त्यानंतर ती शीर पडवीतच घोटाळत राहिली. पलंग जिथे होता तिथे गोल फिरली आणि वाळून गेली. मला हायसं वाटलं. बाबांना फोन केला, काकांना अलिबागला हॉस्पिटलमध्ये ठेवू या, असं मी म्हणाले. "रविवारी येतो," बाबा म्हणाले. "तोवर तू त्या दोघांच्या मध्ये पडू नकोस."

शनिवारी काकीने राखण दिली. बायका देत नाहीत. "बाप्या पडलाय, मग देनार कोन?" म्हणाली. न्हाऊन, ओल्या केसांनीच ओंडक्यासमोर बसली, नारळ फोडला, दहीभात ठेवला. तिचे ओठ बराच वेळ हलत होते. मला ऐकू आलं नाही.

रविवारी सकाळी तिनेच मला उठवलं, अगदी शांतपणे. दहीभात जसाच्या तसा होता. नवी शीर पडवी ओलांडून, उंबऱ्यावरून, कोरड्या लादीवरून मधल्या खोलीत गेली होती. वाटेत काकीची जमिनीवरची गादी. तिच्याभोवती नीट अर्धगोल वळसा. मग सरळ पलंगाचा पाय.

काका गेले होते. डोळे उघडे, खिडकीतल्या पेल्याकडे. उजवी मूठ घट्ट आवळलेली.

डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका. आंघोळ घालताना बाबांनी ती मूठ उघडली. आत तपकिरी भुकटी. स्लाइम मोल्डची शेवटी अशीच भुकटी होते, हे मला माहीत आहे... पण मुठीत? काकीने वाकून त्या तळहातावर फुंकर मारली, चुलीवर मारतात तशी.

कॉलेजच्या सरांना फोटो दाखवले. "दमट हवा," ते म्हणाले. मग ओट्सचं काय? गादीचं काय? सर फोटो मोठा करून बघत राहिले.

परवा धीर करून काकीला फोनवर विचारलं, "त्या दिवशी राखणदाराकडे काय मागितलंस?"

"मागितलं काय न्हाय गो," ती म्हणाली. "तू पलंग हलवलास ना — कुठं ठेवलाय, तेवढं सांगितलं."