थांबवायचे बटण

गुलाबभाऊ कोणत्याही यंत्राला हात लावण्याआधी ते बंद कसे होते, हे शोधत. ते आमच्या संस्थेच्या संगणकखोलीत ऑपरेटर होते. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी तिथे गेलो, तेव्हा मलाही त्यांनी तेच विचारले. "कुठचा रे तू? मालेगावचा? मी बाजूच्या रिसोडचा. चालू करनं कोनालेबी येते. थांबवनं येते काय तुले?" मला येत नव्हते. घराण्यातला पहिला पदवीधर मी; संगणक तोवर चित्रातच पाहिला होता. पुढे जे शिकलो ते त्यांच्याकडून.

शहरातल्या आमच्या संस्थेत दोन संगणक होते. जुन्यावर 'ब्रेक' दाबले की चुकलेला प्रोग्राम तेवढा थांबे. नव्याला आज्ञा द्यायच्या मुख्य टंकयंत्रावर तेच बटण दाबले की अख्खा संगणकच थांबे आणि त्यावर बसलेल्या सगळ्यांचे काम जाई. तिथे 'कंट्रोल' आणि 'सी' एकदम दाबायचे. "बनवनाऱ्याईले सारकं ठेवता येत नवतं काय? ट्रकचा ब्रेक अन् जीपचा ब्रेक एकाच पायाखाली राह्यते ना बाप्पा!" असे चिडून म्हणत ते घरून कणकेची खळ शिजवून आणत आणि दोन्ही यंत्रांवर मराठीत चिठ्ठ्या चिकटवत.

आमचे साहेब त्या चिठ्ठ्या नखाने खरवडून काढत. "काय हा गावंढळपणा!" म्हणत बोटे रुमालाला पुसत. ते पुसणे आठवले की आजही मला शिसारी येते.

एकदा पाहुणे आले. साहेबांनी ऐटीत नव्या यंत्रावर प्रोग्राम लावला. तो थांबेचना, कागदावर एकच ओळ छापत सुटला. घाबरून साहेबांनी जुन्या सवयीने 'ब्रेक' दाबले. सगळे ठप्प. एका विद्यार्थिनीची तीन दिवसांची आकडेमोड त्यात गेली. चौकशीत साहेबांनी गुलाबभाऊंकडे बोट दाखवले, तेच स्वच्छ पुसलेले बोट. वरिष्ठांनी मला विचारले, "तुम्ही शेजारीच होता. कोणी दाबले?"

माझी नोकरी अजून कच्ची होती. "माझे लक्ष नव्हते," मी म्हणालो.

गुलाबभाऊंना काढून टाकले. डबा उचलताना ते एवढेच बोलले, "मायाकडे काय पाहून राह्यला? मशीनकडे पाह्य. तुया प्रोग्राम चालू हाय." साहेबांची किळस होतीच, त्या दिवसापासून स्वतःचीही येऊ लागली.

नोकरी पक्की झाल्यावर मी रिसोडला गेलो. गुलाबभाऊंनी पिठाची गिरणी टाकली होती. भिंतीवर खळीने चिकटवलेली चिठ्ठी: 'थांबवाचं बटन हे. आदी पाहून घ्या.' दळणाच्या आवाजात मी पुटपुटायला लागलो. त्यांनी पिठाने माखलेला हात कानामागे धरला.

"आयकू येऊन नाही राह्यलं! बोलाचं असन तर आदी ते दाब."

मी दाबले. पट्टा फडफडत थांबला. डबे घेऊन उभ्या असलेल्या बाया माझ्याकडे पाहू लागल्या.

"हां, बोल आता," गुलाबभाऊ म्हणाले.

"भाऊ, ब्रेक साहेबांनी दाबले होते. मी पाहिले होते."