रिपोर्ट नॉर्मल, आणि ते लाल पुढं या

पहिल्यांदा खटकला तो प्रिंटर.

आमच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गाड्या मोजतात त्या वजनकाट्याच्या केबिनमध्ये मी बसते. तिथे एक जुना प्रिंटर आहे, पावती काढताना कर्र-कर्र करतो. दोन हंगाम मी त्याच्या शेजारी बसून डबा खाल्ला, गाणी ऐकली, एकदा तर चक्क पेंगले. त्या मंगळवारी मात्र त्यानं सकाळची पहिली पावती काढली आणि मला वाटलं, हा माझ्या दाढेत छापतोय.

जिनिंगमध्ये कापूस आणि किस्से एकाच वेगानं साचतात. हंगाम उघडला की पंधरा दिवसांत दोन्हींच्या पलीकडचं काही दिसत नाही. या हंगामात फरक इतकाच झाला की बहुतेक किस्से माझ्या डोक्यावर रचले गेले.

तर झालं असं. चार दिवस आधी मी खिडकीतून डोकं बाहेर काढून एका ट्रॅक्टरचा नंबर वाचत होते आणि मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न दिला. मी मुळात दचकणारी. घरी कुकरची शिट्टी झाली तरी हातातलं सांडते. डोकं जोरात आत ओढलं ते थेट खिडकीच्या लोखंडी चौकटीवर. पुढचं मला नीट आठवत नाही. आमचे कापसाचे ग्रेडर देवरावकाका सांगतात की मी जमिनीवर बसले होते आणि बसल्या बसल्या ड्रायव्हरला विचारलं, "भरलेली की रिकामी?"

पांढरकवड्याच्या डॉक्टरांनी यवतमाळला स्कॅनला पाठवलं. रिपोर्ट आला, नॉर्मल. आईनं जिनिंगमध्ये पेढे वाटले. शेठनी रिपोर्ट दोनदा वाचला, सगळ्यांना वाचून दाखवला आणि म्हणाले, आता काळजी मिटली. मीही पेढा खाल्ला. एका हातानं टेबल धरून, कारण केबिन हळूहळू पैनगंगेच्या दिशेनं कलत होती.

* * *

दुसऱ्या आठवड्यात मी बोलून गेले की डोकं फार जड वाटतं, मान पेलवत नाही.

हे देवरावकाकांसमोर बोलायला नको होतं. तीस वर्षं त्यांनी बोटांनी धागा ओढून कापूस पारखला आहे. कुणी काही म्हटलं की त्यांना ते तपासून पाहिजे. त्यांनी आधी माझं टेंगूळ चिमटीत धरून पाहिलं, ओल नाही म्हणाले. मग म्हणाले, "जड वाटते ना? मंग काटा कायले हाय?"

आणि मला ट्रक मोजायच्या काट्यावर उभं केलं. आमचा काटा दहा-दहा किलोनं सरकतो. आकडा आला पन्नास. पुढची गोष्ट मला माहीत नव्हती. हंगामाच्या आधी काटा तपासायला माणूस आला होता तेव्हा मी गंमत म्हणून त्यावर उभी राहिले होते आणि काकांनी तो आकडा लक्षात ठेवला होता.

"तवाबी पन्नास, आताबी पन्नास. होतं तेवढंच हाय डोकं."

त्यांनी त्याची रीतसर पावतीसुद्धा काढली. वाहन क्रमांक, कोरा. माल, इतर. ती पावती माझ्या फायलीत रिपोर्टच्या मागे लावली. सहा महिन्यांनी मला कुणी फाईल मागितली तर मी काय सांगणार आहे, मला माहीत नाही.

* * *

उजेड सहन होत नव्हता म्हणून मी काळा चष्मा लावून बसायला लागले.

पहिल्या दिवशी मुकुटबनकडचे एक शेतकरी खिडकीशी आले, चष्मा पाहिला आणि चार पावलं मागे गेले. डोळे आले असणार, असा त्यांचा हिशेब. ट्रॉलीतून त्यांनी एक लांब तुराटी, तुरीची वाळकी काडी, काढली, टोकाला कागद खोचला आणि खिडकीतून आत दिला. तोंड मात्र दुसरीकडे. मी पावती त्याच टोकाला खोचून परत दिली, दुसरं काय करणार.

मागच्यांनी पाहिलं. दुपारपर्यंत रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात तुराटी होती. मी समजावून सांगितलं की डोळे चांगले आहेत, डोक्याला मार लागलाय. एक आजोबा लांबूनच म्हणाले की हो, डोक्यातूनच उतरते ते डोळ्यात.

तिसऱ्या दिवशी शेठ आले. माझ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि भिंतीला सांगितलं, की मॅडम, चष्मा काढा.

* * *

मग शब्द जायला लागले.

साधे शब्द. बादली, उशी, परवा. तोंडाशी यायचे आणि वळून जायचे. घरी चालून जायचं. "ते दे ना, पाण्याचं" म्हटलं की आई द्यायची. काट्यावर मात्र माईक असतो. गाडीचं नाव घेऊन पुढं बोलवावं लागतं.

त्या दिवशी नऊ ट्रॅक्टर रांगेत होते. पाटीवरचे आकडे डोळ्यांपुढं पोहत होते, म्हणून ठरवलं नंबर नको, नुसतं ट्रॅक्टर पुढं या म्हणू. माईक सुरू केला आणि ट्रॅक्टर हा शब्दच गेला. अख्ख्या जिनिंगला माझा श्वास ऐकू जात होता. घाबरून मी म्हणाले, "ते... ते लाल... पुढं या."

नऊपैकी सात लाल होते.

सातही आले. तीन समोरून, तीन बाजूनं, आणि एक उलटा, काट्याच्या बाहेर जायच्या तोंडानं. दोघांची पुढची चाकं एकदमच काट्यावर चढली आणि काट्यानं दोन अर्ध्या ट्रॅक्टरांचं मिळून एक वजन दाखवलं. ते सोडवायला दीड तास लागला. ज्याला बोलावलंच नव्हतं तो रांगेतला निळा शांतपणे मागून वळसा घालून आला आणि सगळ्यांत आधी मोजून गेला.

संध्याकाळी शेठनी बोलावलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मॅडम, तुमाले लागलं ते म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं. पण कागद म्हणते नॉर्मल. एक तं कागद बदलून आणा, नाहीतं पहिल्यासारखं काम करा. महिनाअखेरपर्यंत पाहतो, मंग मले दुसरी ऑपरेटर बसवा लागते."

बी.कॉम. झाल्यावर दोन वर्षं घरी बसून ही नोकरी मिळाली होती. पण खरं सांगू, नोकरीपेक्षा दुसरंच भय जास्त होतं. सगळे कागद एका बाजूला आणि मी एकटी दुसऱ्या बाजूला. मलाच वाटायला लागलं होतं की हे सगळं मीच करून राहिले की काय.

* * *

म्हणून पुन्हा यवतमाळ, आणि या वेळी मोठा, महागातला स्कॅन. बाहेरच्या बाकावर आई हात जोडून बसली होती, काही निघू नये म्हणून. शेजारी मीही हात जोडले होते, काहीतरी निघावं म्हणून. एकाच देवाकडे दोघी एकदम. त्यानं आईचं ऐकलं.

परतीच्या बसमध्ये मला रडू आवरेना. आईला डुलकी लागली होती. पलीकडच्या सीटवरच्या बाई फार मायेनं सरकल्या, पाठीवर हात फिरवला, पाण्याची बाटली दिली. हळूच विचारलं, "काय आलं वो रिपोर्टात?"

"नॉर्मल," मी हुंदका देत म्हटलं.

त्यांनी बाटली परत घेतली आणि उठून मागे जाऊन बसल्या.

* * *

जिनिंगच्या मशीन सांभाळतात ते राठोडभाऊ. फुलसावंगीकडच्या तांड्यातले, हंगामात इथेच मशीनघराच्या बाजूच्या खोलीत राहतात. महिन्यात चार वाक्यं बोलतात, त्यांतली दोन मशीनशी. एका दुपारी ते केबिनच्या पायरीवर येऊन बसले आणि विचारलं की तपासणी कशी करतात, नीट सांग.

मी सांगितलं. निजवतात, हलू नको म्हणतात, डोळे मिटायला सांगतात, मग फोटो काढतात.

त्यांनी हाताचं ग्रीस पुसलं.

"म्हणजे रिकाम्या मशीनची तपासणी झाली," ते म्हणाले. "रिकामी मशीन माहीबी नॉर्मलच चालते, बेटा. माल टाकला का मंग आवाज देते. तुले काट्यावर बसवून, ऊन तोंडावर घेऊन, हे प्रिंटर चालवून पाह्यलं काय कोणी?"

इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा मला कुणी प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर मला येत होतं.

मग त्यांनीच नागपूरला नर्सिंग शिकणाऱ्या भाचीला फोन लावला. तिनं एका डॉक्टरांचा नंबर दिला. डोक्याला मार लागून रिपोर्ट नॉर्मल येतात आणि तरी त्रास राहतो, अशीच माणसं ते बघतात म्हणे. म्हणजे अशी माणसं असतात! पण फोन फक्त दुपारी बारा ते साडेबारा, आणि तोही लागला तर.

मी सगळा त्रास एका कागदावर लिहून काढला, कारण बोलताना अर्धा विसरला असता. अकरा दिवस रोज लावला. वाजून वाजून बंद. एकदा कुणीतरी उचलला असावा, पण बारा वाजता आमच्या मशीन अशा गरजत असतात की मला काही ऐकू आलं नाही. मी हॅलो हॅलो करत राहिले आणि तो कटला. त्या दिवशी मी माईक बंद करून टेबलाखाली बसून रडले. राठोडभाऊंनी खिडकीतून पाहिलं आणि मशीनघराकडे वळले.

* * *

महिन्याचा शेवटचा दिवस. बारा वाजून दहा मिनिटं. मी फोन टेबलावर ठेवला, स्पीकर लावला (कानाला धरला की कळ यायची), नंबर दाबला. रिंग जायला लागली.

आणि मशीन बंद पडल्या.

एक नाही, सगळ्या. राठोडभाऊंनी मेन स्विचच ओढला होता. कुणाला न विचारता, न सांगता.

आता हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. भर हंगामात, भर दुपारी जिनिंग अचानक गप्प झाली, तर आमच्याकडे त्याचा अर्थ एकच असतो: कापसाला आग लागली. कुणी विचारत बसत नाही. हमाल वाळूच्या बादल्या घेऊन धावले, बाया पाण्याची घमेली घेऊन धावल्या. रांगेतल्या लोकांनी ट्रॅक्टर उलटे फिरवायला घेतले. देवरावकाका पाइप ओढत निघाले. पाइप नळाला लावलेला नव्हता. शेठ एका पायात चप्पल घालून ऑफिसातून आले आणि कुठं लागली, कुठं लागली विचारत गोल फिरले.

कुठंच धूर नाही. राठोडभाऊ मात्र माझ्या केबिनच्या दारात हाताची घडी घालून उभे. सगळा लोंढा तिकडे वळला.

"काहून बंद केली?" शेठ ओरडले.

राठोडभाऊंनी ओठांवर बोट ठेवलं आणि मान माझ्याकडे वळवली.

ते बोट शेठना होतं, म्हणून सगळेच गप्प झाले. तीसेक माणसं, खिडकीला, दाराला, हातात बादल्या. इतकी शांतता मी त्या जागेत कधी ऐकली नव्हती. टेबलावर रिंग जात होती. आठवी. नववी. त्रास लिहिलेला कागद मी पुढ्यात सरळ केला. शेठ काहीतरी बोलणार तोच पलीकडून फोन उचलला गेला.

"हॅलो," मी म्हणाले. आणि पुढचे सगळे शब्द गेले. कागद समोर होता, वाचता येईना.

पलीकडचे डॉक्टर थांबले. घाई नाही केली. मग म्हणाले, "असू द्या. आधी एवढंच सांगा, मी अजून हळू बोलू का?"