डावा पाय आधी

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला कधी कळली नाही, आणि तो गेला. आईला कळली नाही, तीही गेली. मुलीला सांगायचं म्हणून कितीदा तिच्यासमोर बसले, आणि दर वेळी चहा ठेवायला उठले. तुमची-माझी ओळख नाही — म्हणूनच बहुतेक — आज जीभ रेटते आहे. मधेच उठून फेऱ्या मारल्या तर समजून घ्या. मला एका जागी बसून काही सांगता येत नाही.

तुम्ही ते पाय पाहिलेले असणार. जुना कृष्णधवल सिनेमा, दरबाराचा सेट. नायिका गिरकी घेऊन थांबते आणि पडद्यावर नुसते दोन पाय येतात. अलता, घुंगरू, चुडीदाराच्या चुण्या, आणि मग ती लय — वाढते, वाढते, आणि अशी थांबते की आपलाच श्वास अडकतो. आमच्या औरंगाबादला त्या तुकड्यासाठी लोक पुन्हा तिकीट काढायचे. पाय नायिकेचे नव्हते, हे पुढं सगळ्यांनाच कळलं. मग कुणाचे? गुलमंडीवरच्या कुठल्याही पानवाल्याला विचारा. तो छाती फुगवून सांगेल, आपल्या कुमुदबाईंचे!

कुमुदबाई म्हणजे मी. आणि ते पाय माझे नाहीत.

झालं. वाटलं होतं तितकं अवघड नव्हतं की हो हे वाक्य. पण खरं सांगायचंय ते याच्या पुढं आहे, आणि तिथं यायला मला वेळ लागणार आहे.

पोलीस ॲक्शनमध्ये निजामाचं राज्य गेलं, जहागीरदारांच्या मैफली बंद पडल्या, तेव्हा हैदराबादचे एक म्हातारे उस्ताद आमच्या गावात भाच्याकडं येऊन राहिले. माझे वडील शाळामास्तर, पण हौशी. लोकांची बोलणी खाऊन त्यांनी मला उस्तादांकडं कथक शिकायला धाडलं. तिथं दत्ता भेटला. देवगाव रंगारीच्या बऱ्यापैकी जमीनदार घरातला मुलगा, शिकायला शहरात मामाकडं राहिलेला. घरी सांगायचा तबला शिकतो, आणि शिकायचा नाच. तो डावखुरा होता. कथकात पायाचा ठेका उजव्या पायानं सुरू करायचा असतो. हा पठ्ठ्या हटकून डावा टाकायचा. "सीधा पाँव पैले रे, कित्ती बार बोलूं?" म्हणत उस्ताद कपाळाला हात लावायचे. शेवटी तेच थकले. कारण डाव्यानं सुरू करूनही दत्ता नेमका समेवर उतरायचा, आणि आम्ही बाकीचे इकडंतिकडं सांडलेले असायचो. मला त्याचा हेवा वाटायचा. माझा चेहरा चांगला, हात चांगले, जीभ तर विचारूच नका. पाय मात्र कामचलाऊ.

पुढं मुंबईच्या एका डान्स डायरेक्टरनं, आम्ही त्यांना मास्टरजी म्हणायचो, आम्हा दोघांना कामाला घेतलं. मला मागं नाचणाऱ्या मुलींच्या घोळक्यात, दत्ताला मदतनीस म्हणून. मुलींना घुंगरं बांधून दे, ठेका धर, पडदे सारखे कर. घरी त्यानं कळवलं होतं की छापखान्यात नोकरी लागली.

त्या गाण्याच्या वेळी नायिकेला ती शेवटची लय झेपेना. मास्टरजींनी मला पुढं बोलावलं — फक्त पाय दिसणार, तू कर. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर आलं आणि माझी पाचावर धारण बसली. एकदा चुकले, दोनदा चुकले. नाचता येईना अंगण वाकडं, तशी मी फरशीला नावं ठेवली, अलता ओला आहे म्हटलं. दत्ता माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाला, "असं बघ कुमे, लई सोपं हाय," आणि चप्पल काढून त्यानं ते नुसतं करून दाखवलं. मला धीर यावा म्हणून. मास्टरजी बघत होते. ते म्हणाले, "चुडीदार इसको पहनाओ."

एका दमात शॉट झाला. डाव्या पायानं सुरू झाला, तो तसाच ठेवला. सेटवर टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. त्याचा अलता पुढं आठवडाभर निघेना, म्हणून तो भर उकाड्यात कॅनव्हासचे बूट घालून हिंडत होता आणि मला बघितलं की आपला आपण हसत होता. इतका खूश मी त्याला पुन्हा कधी बघितला नाही.

सिनेमा लागला. सेटवरच्या कुणीतरी कुठंतरी बोललं असणार, कारण बातमी थेट देवगावात पोचली. दिवाळीला आम्ही घरी आलो होतो. एका दुपारी दत्ताचे वडील — सगळे त्यांना दादा म्हणत — आमच्या दारात उभे. मागं दत्ता, मान खाली. दादा माझ्याशी कधी मोठ्यानं बोलले नव्हते, त्या दिवशीही नाही बोलले.

"पोरी, गावात बोलत्यात का आमचा दत्त्या बाई होऊन नाचला सिनेमात. तू तिथंच व्हतीस. ते पाय कुणाचे हायत?"

दत्तानं मान वर केली. त्याच्या डोळ्यांत जे होतं ते बघून दुसरं काही बोलणं शक्यच नव्हतं.

"माझे, दादा."

"देवाशपथ?"

"देवाशपथ."

दादा खाली बसले आणि पाणी मागितलं. हे खोटं सांगितल्याची मला आजही लाज वाटत नाही, पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन. तिथंच थांबले असते तर आज हे सांगायला कशाला बसले असते?

पण दादांनी मुलाची अब्रू वाचवायला ते गावभर केलं. ते पाय कुमीचे, औरंगाबादच्या शाळामास्तरांच्या कुमीचे! गावातून शहरात, शहरातून मुंबईत. मास्टरजी नायिकेच्या नावाला जपून गप्प राहिले. दुसऱ्या एका डान्स डायरेक्टरनं त्या पायांवर भाळून मला असिस्टंट म्हणून बोलावलं. पहिल्याच दिवशी मी ठेका धरला, तर तो म्हणाला, सिनेमात डावा पाय आधी होता ना? मी वाकून डावा घोटा चोळला. म्हटलं, हो हो, आज जरा पाय दुखावलाय. त्या दिवसापासून मी डाव्यानं सुरुवात करायला शिकले. आरशासमोर, दार लावून. पुढं माझी स्वतःची गाणी बसवायला लागले, नाव पडद्यावर येऊ लागलं, तेव्हा त्या सगळ्या गाण्यांत नाचणाऱ्या मुली डावा पाय आधी टाकतात. लोक म्हणायचे, ही कुमुदची खूण. मी मान डोलवायचे. खोटं पचलं की ते अंगाला लागतं, तसं मला ते लागलं.

आणि दत्ता? दादांनी त्याला परत मुंबईला जाऊ दिलं नाही. लग्न लावून दिलं, शेतीला जुंपलं. शेती भावांत वाटली गेल्यावर तो चितेगावच्या एका कारखान्यात लागला, मशीनवर. तिथं आठ तास उभं राहायचं असतं, असं एकदा म्हणाला होता. रिटायर झाल्यावर मुलाबरोबर पुंडलिकनगरात राहायला आला. तोवर सिनेमातले ते नाच संपले होते आणि मीही गावी परत येऊन क्लास काढला होता. भेट व्हायची. त्यानं तो विषय कधी काढला नाही. मी तर नाहीच.

आता येते तिथं. थांबा, जरा पाणी पिते.

शहरानं माझा सत्कार केला. मोठा हॉल, शाल, श्रीफळ, मागं पडद्यावर ते पाय. शहाणपणा करून सूत्रसंचालकानं विचारलं, बाईंच्या काही आठवणी कुणाला सांगायच्यात का? पुढच्याच रांगेतून दत्ता उठला. शेजारी त्याची नात होती, सई. आठ-नऊ वर्षांची. त्यानं तिचा हात धरलेला.

"येक सांगतो," तो म्हणाला. घसा खाकरला. "आता आमचे दादा नाहीत, तवा सांगायला हरकत नाय. कुमीनं माझ्यासाठी लई मोठं काम केलं. माझी अब्रू राखली तिनं. ते पाय — ते माझे व्हते."

बघा, माझ्याबद्दल तक्रार नव्हती त्याच्या बोलण्यात. उलट माझे आभार मानत होता तो! सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मला फक्त "हो" म्हणायचं होतं. त्यानं माझी वाट इतकी सोपी करून दिली होती की मी त्यातही मोठीच ठरले असते. मग का नाही म्हणाले? भीती? असेल. पण भीतीनं माणूस गप्प बसतो. मी गप्प बसले नाही. मी माइक ओढून घेतला आणि म्हणाले,

"काय रे दत्ता, मग हिरॉईनला मुलंबाळं पण तुझ्यापासूनच का?"

नाही. असं नव्हतं ते. बघा, इतक्या वर्षांनीसुद्धा मी सौम्य करून सांगते आहे. मी म्हणाले होते, "काय रे दत्ता, मग लेकरंबाळं तुला झाली का तुझ्या बायकोला?"

हॉल कोसळला. लोक मांड्यांवर हात मारून हसले. सत्तरीच्या माणसाला, त्याच्या नातीसमोर, ज्या एका गोष्टीच्या भीतीनं त्याचं अख्खं आयुष्य मशीनपुढं उभं राहण्यात गेलं, तीच गोष्ट मी भरल्या सभेत त्याच्या अंगावर फेकली. आणि मला सांगायला लाज वाटते, पण तेव्हा वाजलेल्या टाळ्या मला आवडल्या.

दत्ताही हसला. "गंमत केली, गंमत," म्हणत खाली बसला. सई त्याच्या तोंडाकडं बघत होती.

पुढच्या महिन्यात तो तिला घेऊन क्लासच्या दारात आला. मला वाटलं, आता हा भांडणार. मनातून मला तेच हवं होतं. तो म्हणाला, "हिला घे तुझ्याकडं. बाकीच्या क्लासात उजव्या पायापासून शिकवत्यात." एवढंच. मी तिचं नाव लिहून घेतलं. तिचा डावा पाय पहिल्या दिवसापासून जसा पडायचा, तसा माझा कधीच पडला नाही. तिला मी सांगायचे, शाबास, अगदी माझ्यासारखं.

मागच्या वर्षी दत्ता गेला. मी पुंडलिकनगरात पोचले तेव्हा त्याला खाली घेतलेलं होतं. पायांचे अंगठे सुतानं बांधलेले. लहानसेच पाय, टाचा भेगाळलेल्या. लोकांनी मला पुढं वाट करून दिली. मी वाकले आणि त्या पायांवर डोकं ठेवलं. उठवेना मला. मागं कुणीतरी म्हणालं, "बघा, येवढ्या मोठ्या बाई, आन् साध्या माणसाच्या पाया पडायल्यात. मन पाहिजे असं." ते मी ऐकलं. त्याचंही श्रेय मी घेतलं, तोंड न उघडता.

सई माझ्याजवळ आली. आता कॉलेजात जाते. रडून डोळे सुजलेले. म्हणाली, "बाई, आजोबा तुमचे पाय टीव्हीवर लागले की जागचे हलायचे नाहीत. म्हणायचे, नीट बघ, असे पाय पुन्हा नाय व्हायचे."

बांधलेले अंगठे आमच्या दोघींच्या मधे होते. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "मला माहीत आहे, बेटा. तो माझं फार कौतुक करायचा."