दारात सांगायचं एक वाक्य

२० फेब्रुवारी १९६९, लोणखेडा. अंगणात मिरच्या वाळत घातल्या आहेत, सकाळपासून देठं काढते आहे. काल तापीकाठच्या प्रकाशा गावी जिभाऊंचा दहावा होता, म्हणून हे काम मागं पडलं. हात धुऊन लिहायला बसले, तरी बोटं चुरचुरताहेत.

पोरानं कुणाला मारलं, तर "का मारलंस?" असं जिभाऊ कधी विचारत नसत. मारणाऱ्याचाच हात हातात घेत, उलटसुलट करून बघत आणि म्हणत, "हात दुखना का रे तुन्हा?" पोर गोंधळे. आवळलेली मूठ सैल पडे. मग त्या हातात कापसाचं बोंड ठेवून ते सरकी काढायला सांगत. सरकी काढता काढता पोर आपोआप बोलू लागे.

जिभाऊ आधी साध्या शाळेत मास्तर होते. चावणारी, दगड मारणारी, दिवसभर मुकी बसणारी अशी चार पोरं पटावरून काढा, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी पोरं काढली आणि त्यांच्याबरोबर स्वतःही निघाले. केळीच्या बागेकडच्या एका शेडमध्ये वर्ग भरवू लागले. चाराची अकरा झाली, त्यांत सगळ्यांत धाकटा भिका. मी बावीस वर्षांची, नुकतं ट्रेनिंग झालेली, त्यांच्या हाताखाली लागले. पारावरची माणसं हसत, "काय जिभाऊ, येड्यासनी शाळा कसी शे?"

"चांगली शे. हेडमास्तर बी त्यासनामाच शोभस," ते म्हणत आणि चालू लागत.

पोरांना तिथंच ठेवून घ्या, घरचे तरी सुटतील, असं मीच एकदा सुचवलं होतं. त्यावर म्हणाले, "पोर घर नही गयं, तर घर कसं सुधरी?" म्हणून रोज संध्याकाळी ते प्रत्येक पोराला घरापर्यंत सोडत. दारात उभं राहून त्या दिवसाची एकच चांगली गोष्ट सांगत, आणि पुढच्या घरी जात. वाईट काही घडलं असलं तरी ते दारात काढत नसत. मला हा खोटेपणा वाटे. तसं बोलले, तर म्हणाले, "वाईट सांगाले सर्वा गाव शे, माय. चांगलं सांगाले कोन शे?"

सुमी नऊ वर्षांची होती. चावायची, बोलायची नाही. वडिलांनी बजावलं होतं, "दिवाळीपर्यंत बघतो. नाही सुधरली तर मामाकडे टाकतो." मामाकडे म्हणजे तापीपलीकडे, दाराला बाहेरून कडी घालून. जिभाऊंना ते ठाऊक होतं. मलाही होतं.

दसरा झाला आणि जिभाऊंना ताप भरला. पोरांना सोडायला मी निघाले. उशीर होत होता, मी सुमीचा हात ओढला. ती मनगटाला कडकडून चावली. तिच्या दारात वडिलांनी विचारलं, "कसी वागनी आज?" मी पदर बाजूला करून मनगट दाखवलं. खरं तेच दाखवलं, असं मला तेव्हा वाटलं.

दुसऱ्या दिवशी सुमी आली नाही. जिभाऊ अंगात ताप असताना नावेनं मामाच्या गावी गेले आणि एकटेच परतले. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी माझा हात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "हात दुखना का, माय?"

हा प्रश्न ते मार खाणाऱ्याला विचारत नसत.

शाळा पुढं सहा वर्षं चालली. मग जिभाऊंचे गुडघे गेले, घरोघरी जाणं होईना. त्याच महिन्यात त्यांनी शाळा बंद केली. पोरं यायला तयार होती, मी शिकवायला तयार होते. "दारवर कोन जाई?" एवढंच म्हणाले. मी जाईन, असं माझ्या तोंडून निघालं नाही, आणि त्यांनीही ते मागितलं नाही. नंतर ते प्रकाशाला बहिणीकडे राहायला गेले.

सुमीचा मामा वारला, तेव्हा तिला परत आणलं. आता ती ओट्यावर बसून असते. बोलत नाही, चावतही नाही. मी शहाद्याच्या शाळेत जाते ती मागच्या गल्लीनं. तो रस्ता लांबचा आहे.

एवढं लिहून काल वही मिटली होती. आज सकाळी मिरच्यांवर गोणपाट टाकलं आणि पुढच्या गल्लीनं गेले. सुमी ओट्यावर होती. तिची आई भाकरीचं पीठ हाताला तसंच घेऊन बाहेर आली. मी दारात थांबून सांगितलं, "जिभाऊले ताप व्हता, तो दिन सुमीनी धाकला भिकाले पानी दिधं व्हतं. पह्यले त्याले दिधं, मंग सोता पिनी."