शिक्र्याचं वय आणि कागलचं स्थळ

पक्ष्याची पिसं बघून मी त्याचं वय सांगू शकते. त्या काळी अख्ख्या कोल्हापुरात ही विद्या येणारी मी एकटीच असणार. (दुसरी कुणी असती, तर तिच्याही घरचं स्थळ मोडायला आलं असतं आणि गावभर बोभाटा झाला असता!)

मी मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायची. त्या रविवारी माझ्या नणंदेला, सुमनवन्संना, बघायला कागलचे पावणे यायचे होते. नेमका त्याच सकाळी एक शिक्रा चिमणीमागं सुसाट आला आणि खिडकीच्या काचेवर आपटून पडला. मी त्याला टॉवेलात गुंडाळला. तो शुद्धीवर येतोय तोवर पावणे दारात!

"अगं, ती घार आत ने!" सासूबाई दातओठ खात कुजबुजल्या.

"घार न्हाई आत्या, शिक्रा हाय. वर्षाचं पोर हाय."

"कशावरनं वो?" मुलाच्या आईनं विचारलं.

झालं! मास्तरणीला 'कशावरनं' कधी विचारू नये.

"हे बघा," मी टॉवेल सैल केला. "लहानपणी छातीवर अशा उभ्या तपकिरी रेघा असतात. ती पिसं गळून आडवे पट्टे येतात. ह्याचे आता कुठं यायला लागलेत! आणि पंखातलं जे पीस डावीकडचं गेलंय, तेच उजवीकडचंही. म्हणजे ही जखम न्हाई, वय! माणूस वय चोरेल, पाखराला न्हाई चोरता येत!"

सासूबाईंनी हातातली पोह्यांची बशी घाईघाईनं वन्संच्या तोंडासमोर धरली. त्यांनी वन्संची चांगली तीन वर्षं चोरली होती!

मुलाच्या आईनं वन्संना वरपासनं खालपर्यंत न्याहाळलं. "व्हय बाई, मग पोरीचं..."

तेवढ्यात शिक्रा सुटला! खोलीभर एक गिरकी, मुलाच्या टोपीत नखं, आणि टोपीसकट खिडकीबाहेर! टोपीखाली काय? घासून ठेवलेली परात! आणि वय म्हणे अठ्ठावीस!

"सूनबाई," सासूबाईंना एकदम कंठ फुटला, "ह्यांचं वय काय म्हणायचं गं?"

आता विचारल्यावर मास्तरीण गप्प बसेल? "दोन्ही बाजूंची सारखीच गेल्यात, आत्या. जखम न्हाई!"

माझे यजमान भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. आणि वन्सं खुदकन हसल्या. मग मुलगा हसला, डोक्यावर हात ठेवून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर!

"आई, दोन्हीकडनं चोरीच की! फिटंफाट! मला मुलगी पसंत हाय."

"मलाबी हाईत," वन्सं म्हणाल्या. आमच्या घराण्यात नवरीनं स्वतःच्या तोंडानं होकार द्यायची ती पहिलीच वेळ. सासूबाईंनी बशी खाली ठेवली आणि पदरानं डोळे पुसले.

हे लग्न माझ्या विद्येनं जमलं, असं मी आजही छातीठोकपणे सांगते. कागलात तर मला केवढा मान! मी आल्याची खबर लागली की माणसं काखेत कोंबडी धरून दारात हजर. "बाई, ही म्हातारी झाली का वो? ठेवू का कापू?"

आणि मी, बी.एस्सी. फर्स्ट क्लास, चष्मा पुसून कोंबडीचा पंख उघडते!