जर्मन तारखेला अमावस्या

भाचीनं जर्मनीला नर्सिंगसाठी जायचं ठरवलं आणि आमच्या अमरावतीच्या घरात ती भाषा अशी घुसली, की महिन्याभरात शेजारची म्हैससुद्धा घसा खरवडून हंबरू लागली. पोरीचं सगळं घोडं एका परीक्षेवर अडलेलं. त्यात मैत्रिणीला वाढदिवसाचं आमंत्रण लिहायचं, आणि तारीख जर्मन रीतीनं घालायची.

आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. इथवर ते आपलेच लोक. पण दिवसाच्या आकड्यापुढे एक टिंब! तीन, टिंब, मग अक्षरात मे महिना. त्या टिंबानं मला असं पछाडलं, की भातातला खडाही टिंबच वाटू लागला.

"काहून देतेत हे टिंब?"

"मामा, ते 'तीन मे' नाही म्हनत. 'तिसरा मे' म्हनतेत. टिंब म्हंजे 'रा'."

"म्हंजे तृतीया, चतुर्थी, पंचमी! हे तं तिथीवानी झालं!"

झालं. पोरीची आई, म्हणजे माझी ताई, अकोल्याहून लेकीच्या मदतीला आली होती. तिनं कान टवकारले. "तिथी पायतेत ते?" आणि खिळ्यावरचं कॅलेंडर उतरवलंच. त्या दिवसापासून सरावाचं प्रत्येक आमंत्रण ताईच्या हाताखालून जाऊ लागलं.

"खोड हे. या दिवशी अवस हाय."

"आई, वाढदिवस खोटा हाय. मैत्रीणबी खोटी हाय."

"खोटी असली म्हनून पावनीले अमावस्येले बलावशीन?"

परिणाम असा, की कॅलेंडर पाहिल्याशिवाय पोरीचा हात चालेना. क्लासच्या सराव परीक्षेत तिनं अख्खं पत्र झक्कास लिहिलं आणि तारखेची जागा कोरी सोडली. बाईंनी बजावलं, खऱ्या परीक्षेत असं केलंस तर जर्मनी विसर.

मी ताईला म्हटलं, "पोरीचं जर्मनी तुझ्या अवसेत बुडून राहिलं."

ताईनं कॅलेंडर परत खिळ्याला अडकवलं. जिनं उभ्या जन्मात पंचांगाला विचारल्याशिवाय लोणचंही घातलं नाही, ती लेकीला म्हणाली, "लिहून टाक माय, मनाले येईन ते."

परीक्षा पुण्याला होती. परतल्यावर बडनेऱ्याच्या फलाटावर मी आधी तेच विचारलं, "टाकली का तारीख?"

"टाकली मामा. टिंबासकट."

निकाल लागला, पोरगी पास! मी गल्लीभर पेढे वाटले; म्हशीलाही एक दिला, तिचाही अभ्यास झालाच होता. घरात आलो तर ताई कॅलेंडरसमोर उभी, कपाळाला हात.

"आता काय झालं?"

"पत्रातल्या तारखेले अवसच निघाली रे! पास झाली ते बेस झालं. पन त्या पावनीले कोनीतरी कळवा ना, दोन दिवसानं ये म्हना."