मावसाजींचा रपटा

बाजारपट्टी वसूल करणाऱ्या माणसाची लोक आतुरतेने वाट पाहतात, असं सांगितलं तर कोणी मला शहाणा म्हणणार नाही. पण असा एक माणूस या पृथ्वीतलावर होऊन गेला आणि तो माझ्या मावशीचा नवरा होता. ते दिवस जिल्हा परिषदेच्या आधीचे. चांदा जिल्ह्यातले गावरस्ते, शाळा, कोंडवाडे, आठवडी बाजार असं सगळं जनपद सभेकडे असे, आणि गोंडपिपरीकडच्या जंगलातल्या चार बाजारांत फिरून पट्टी गोळा करणं हे मावसाजींचं काम. बाजारात विकायला बसणाऱ्याला चार हात जागा, तिला म्हणायचं एक बैठक, आणि एका बैठकीला एक पावती. मी सभेच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो आणि मावशीकडे राहायला गेलो. पहिल्याच संध्याकाळी मी अंथरूण पसरलं, तर मावसाजींनी काखेतली चार हाती वेळूची काठी त्यावर आडवी टाकली आणि गंभीरपणे म्हणाले, "दीड बैठक जागा घेऊन राह्यले मास्तर. बाजारात असते तं दोन पावत्या फाडल्या असत्या."

सरकार रस्ता देत नाही, बाजार रस्ता देतो, हा त्यांचा सिद्धांत. जिथे बाजार भरतो तिथे पट्टी येते, पट्टी आली की सभा रस्ता करते, रस्त्यामागून दवाखाना येतो आणि दवाखान्यामागून पोस्ट. हे सगळं ते अशा खात्रीने सांगत, की पोस्टमन आताच दाराशी सायकल टेकवून उभा आहे असं वाटावं. लग्नाच्या पंगतीत ते जेवायच्या आधी पानं मोजत आणि "एवढी मानसं गुरवारच्या बाजाराले आली असती तं!" म्हणून उसासा टाकत. ताटातलं वांगं कोणत्या बाजारातलं, हे विचारल्याशिवाय त्यांचा घास उतरत नसे. वांगं परसातलं निघालं तर तोंड एवढंसं होई, कारण ते बाजार चुकवून थेट ताटात आलेलं असे.

त्यांच्या हिशेबी नातं, ओळख, दया यांना जागा नव्हती. मावशीने एकदा हौसेने लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन बाजारात दुकान मांडलं. मावसाजी रांगेने पावत्या फाडत तिच्यापुढे आले, काठी टाकून जागा मोजली आणि जन्मात पाहिलं नसल्यासारखे म्हणाले, "बाई, नवऱ्याचं नाव?" सगळा बाजार थबकला. नवऱ्याचं नाव सरळ घ्यायचं नाही, ही मावशीची पक्की शिस्त. "तुमाले ठाऊक नाई का?" ती दातओठ खात म्हणाली. "मले ठाऊक हाय. पावतीले ठाऊक नाई." शेवटी त्या माउलीने पदर सावरला आणि भर बाजारात उखाणा घेतला: "लिंबाच्या फोडीत मुरलं मीठ, अमुकरावांनी बायकोशी बोलावं नीट!" बाया हसून हसून लोळल्या. मावसाजींनी 'अमुकराव'च्या जागचं नाव शांतपणे लिहून घेतलं आणि पट्टी मागितली.

त्या चार बाजारांपैकी एकावर त्यांचा विशेष जीव होता. एका नाल्यापलीकडच्या गावाचा तो बाजार. नाला पावसाळ्यात चार महिने गाव तोडून टाकी. आजाऱ्याला खाटेवर घालून काठाशी आणायचं आणि पाणी उतरायची वाट पाहत बसायचं. नाल्यावर दगडी रपटा, म्हणजे ठेंगणा फरशीपूल, व्हावा म्हणून मावसाजींनी इतके अर्ज केले होते, की कचेरीतला बाबू त्यांना लांबून पाहूनच पान खायला निघून जाई. अशात सभेने ठरवलं, की हा बाजार फार लहान, बंद करावा. बाजार गेला म्हणजे रपटाही गेला. त्याआधी सभेचे साहेब एकदा बाजार डोळ्यांनी पाहणार होते, आणि मावसाजींच्या नोकरीचं शेवटचं वर्ष उरलं होतं.

मग मावसाजी घरोघर फिरले. "गुरवारी बाजारात बसा. जे असन ते घेऊन बसा. पावती फाटली का रपट्याचा एक दगड पडला समजा!" लोकांनी हे इतकं मनावर घेतलं, की गुरुवारी अख्खा गाव विकायला बसला. एक म्हातारा एकच भोपळा मांडीवर घेऊन, कोणी पसाभर चारोळी, कोणी मोहफुलं, एक ढिवरीण तीन मासोळ्या पळसाच्या पानावर मांडून. मलाही मावसाजींनी माझ्याच छत्रीसकट बसवलं. पावत्या फाडून त्यांचा हात भरून आला. साहेब बूट हातात घेऊन बैलगाडीतून नाला ओलांडून आले, रांगा पाहून खूश झाले आणि मग एकाएकी थांबले. "विकणारे इतके, पण घेणारा कुठे आहे?"

खरंच, घेणारा कोणी उरलाच नव्हता. ही गोष्ट आम्हा कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. मावसाजींनी पावतीपुस्तक मिटलं. जन्मात खोटी पावती न फाडलेला माणूस! ते पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, मीच बसवलं यायले. पावत्या खऱ्या हायेत, बाजार माह्या हट्टाचा हाय. काय करायचं ते मले करा." तेवढ्यात ती ढिवरीण उठून उभी राहिली. "काऊन घाबरता भाऊ? साहेब, घेनारे नाल्याच्या त्या तीरावर हायेत. रपटा बांधा, मंग येतीन." साहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा आपल्या ओल्या पँटीकडे, आणि हसले. जाताना त्यांनी माझी छत्री विकत घेतली. त्या दिवशीची ती एकमेव विक्री, आणि पुढचा पावसाळा मी भिजत काढला.

रपटा झाला, पण मावसाजी निवृत्त झाल्यावर. पहिल्या बाजाराला लोक एकेक दगड दाखवत होते: हा भोपळ्याचा, हा मासोळ्यांचा. मावसाजी लोणच्याची बरणी घेऊन रांगेत बसले होते. नवा वसुलीवाला त्यांच्याच हाताखाली शिकलेला, तो म्हणाला, "तुमच्यापासून पट्टी काऊन घेऊ, भाऊ?" त्यावर ते असे कडाडले, की शेजारच्या कोंबड्या उडाल्या. "मंग रपटा फुटला तं कायनं दुरुस्त करशीन?"

ते गेल्यावर वर्षभराने मी मावशीला घेऊन त्या गावी निघालो. बस रपट्यावर हळू झाली. शेजारी तान्हं मूल घेऊन बसलेली एक सासुरवाशीण सहज म्हणाली, "बरं झालं बाई, हा रपटा हाय. कोनं बांधला असन?" मी तोंड उघडणार, तोच मावशी बोलली. उखाणा नाही, आढेवेढे नाहीत. तिने त्यांचं नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट, पावतीवर लिहावं तसं. मग खिडकीबाहेर वाकून ती रपट्याचे दगड मोजू लागली.